खालचं बटण मी लावणारच

मास्तर, तू मेलास, आन् तिथंबी माझ्याआधी पोचलास.

ह्याचा मला राग हाय. माणूस मेलं की लोक म्हणत्यात, आता राग सोडा. मी सोडत न्हाई. माझी बायकू सरू गेली तवा मनाला एकच आधार होता, की आता पाळी माझी. तू माझ्याहून धाकटा, दिवसभर उभा राहून कात्री चालवायचास, तुला काय धाड भरली होती? मला वाटलं, निदान एवढ्यात तरी मी तुझ्या पुढं जाईन. तिथंबी रांग मोडलीस. तुमची जन्नत वेगळी आन् आमचा सरग वेगळा. मधी चांगली उंच भिंत असंल, ह्या एका आशेवर मी सध्या जेवतोय.

लोकाला वाटंल, म्हातारं चळलं. चौथी शिकलेला मेंढक्या, आन् शिंप्यावर लिहायला बसलाय. मंगल म्हणली, "बापू, मनात ठिवू नका, लिहून काढा." माझीच लेक हाय ती, पण तिला बटण लावायला तू शिकवलंस. बघ, तिथंबी तू.

तू माजलगावात मोंढ्यामागच्या गल्लीत कोट शिवायचास. सरू त्या कोटांचे काज करायची, बटणं लावायची. आन् मी मेंढरं राखायचो. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचो. गेवराईकडं, चकलांब्याच्या शिवारात लोकाच्या रानात मेंढरं बसवायची, आन् पाऊस तोंडावर आला की माघारी. सरू आधी माझ्यासंगं पालात असायची. मंगल शाळंत जायची झाली तवा म्हणली, "ही पोर मेंढरामागं न्यायची न्हाई." माजलगावात खोली केली आन् पोटासाठी तुझ्या दुकानात बसली. म्हंजे पाऊसकाळात ती माझी, आन् बाकी सारा वकत तुझ्या दुकानाची.

वंगाळ काही म्हणत न्हाई मी. तसलं काही नव्हतं. मला म्हाईत हाय, तुला म्हाईत होतं, साऱ्या मोंढ्याला म्हाईत हाय. तसलं असतं तर सोपं होतं. एक दिवस काठी घेऊन आलो असतो आन् निकाल लागला असता. जे होतं त्याला काठी चालत नव्हती. बोलणं होतं ते. तुमी दोघं बोलायचात, आन् मी तिकडं मेंढराला हाळ्या घालायचो.

एका साली मी घरी आलो. बायकामाणसं इचारत्यात, कसे हाव, तब्येत का उतरली, कोकरं किती झाली. सरूनं पाण्याचा तांब्या हातात दिला आन् म्हणली, "अवं, तुमाला ठावं हाय का, कोटाचं खालचं बटण कधीच लावायचं नसतंय."

म्या म्हणलं, "माझ्याकडं कोट न्हाई."

"नसू द्या. ठावं असावं."

आन् बोटावर धरून सांगितलं, तुझ्या बोलीत, तुझ्यासारखी मान हलवून. "ऊपर का मर्जी का, बीच का फर्ज का, नीचे का कब्बी नै."

माझ्या बायकूच्या तोंडात तुझी बोली. तांब्या तसाच खाली ठिवला म्या. ती म्हणली, "काय झालं?" म्या म्हणलं, "पाणी गरम हाय."

त्या पाऊसकाळात मला सारं कोटशास्तर ऐकावं लागलं. तीन बटणाचा कोट असला तर मधलं लावायचंच. दोनचा असला तर वरचं लावायचं आन् खालचं मोकळं. उभं राहिलं की लावायचं, बसताना सोडायचं, न्हाईतर कोट पोटावर चुरगाळतो. एका पल्ल्यावर दुसरा पल्ला येणारा रुंद कोट असला तर तो मात्र बसला तरी सोडायचा न्हाई. कोट कधी अंगात न घातलेल्या माणसाला हे भाकरीसंगं रोज वाढायली ती. दर गोष्टीला पुढं "मास्तर म्हणत्यात". मास्तर म्हणत्यात, मास्तर म्हणत्यात. आमच्यात बायकू नवऱ्याचं नाव घेत न्हाई. माझं नाव तिनं जलमात एकदा घेतलं, लग्नात, उखाण्यात, तेबी बायकांनी दार अडवलं म्हणून. तुझं दिवसभर.

आन् तू तिला "सरूबाई, तुमी" म्हणायचास. मी "ए" म्हणायचो. तिला हाक मारली की ती तुझ्याकडं कशी बघायची आन् माझ्याकडं कशी, हे म्या बघितलंय. मेंढक्याची नजर लांबची असती.

आता तुझं-माझं भांडण. ते मिटलं न्हाई, आन् तू उठून गेलास.

म्या तुला पहिल्या खेपेलाच इचारलं होतं, "जे लावायचंच न्हाई ते बटण शिवायचं कावून?"

तू तोंडातल्या टाचण्या काढल्यास आन् म्हणलास, "अदब है बे."

"कसली अदब?"

मग तू मला विलायतेच्या राजाची गोष्ट सांगितलीस. राजा लई खादाड. पोट सुटलं, खालचं बटण लागंना, म्हणून तो ते मोकळं सोडायला लागला. दरबारातल्या लोकांनी बघितलं. राजाला लाज वाटू न्हाई म्हणून त्यांनीबी आपापलं सोडलं. मग त्यांच्या पोरांनी, मग साऱ्या दुनियेनं.

म्या म्हणलं, "आमच्या पाटलाचा पाय लंगडा होता. मग काय सारं गाव लंगडत चाललं का?"

तू हसला न्हाईस. सरू हसली. म्हंजे त्या दिवशी ती माझ्या बाजूनं होती, हे मी अजून धरून हाय.

तू लगेच दुसरी गोष्ट काढलीस. घोड्यावर बसायचे लोक, खालचं बटण लावलं तर कोट खोगिरावर गोळा व्हायचा, म्हणून मोकळं. हे मला पटलं. घोडं मला समजतं. म्या म्हणलं, "मग असं सांग की, राजा कशाला आणतोस मधी?" तू म्हणलास, "खरं कोणतं ते कुणालाच म्हाईत न्हाई." म्हंजे ज्याचं खरं कारण तुलाच ठावं न्हाई, त्याच्यासाठी तू जलमभर लोकाची बटणं सोडत फिरलास.

तुझा उस्ताद हैदराबादहून आलता. निजामाच्या वकताला अंमलदारांच्या शेरवान्या शिवायचा. शेरवानीचं बरं, गळ्यापासून खालपर्यंत सारी बंद, कुणी इचारायचं न्हाई. तूच सांगायचास, उस्ताद म्हणायचा, शेरवानीवाला माणूस बटणं लावून घरातून निघतो आन् कोटवाला दिवसभर बटणाशी खेळतो. मला उस्ताद कळला. तू न्हाई कळलास.

बाहीवरल्या बटणांचंबी तेच. ती उघडत न्हाईत, मिटत न्हाईत. तू म्हणलास, शिपाई लोक बाहीला नाक पुसायचे, ते बंद व्हावं म्हणून लावली. म्या बाही तुझ्यापुढं धरली आन् म्हणलं, "मग मला चार जादा लाव." त्या दिवशी तू हसलास. सरू न्हाई हसली. म्हणली, "चारचौघांत असं बोलू नये." चारचौघं कुठं होते? आमी तिघंच होतो.

पण सारं सोसलं असतं. लग्नातलं सोसवलं न्हाई.

कुणाच्याबी लग्नाला गेलं की सरूला जेवण जायचं न्हाई. नवरदेवाच्या कोटाकडं बघत बसायची. आमच्याकडं पोरं कोट घालत्यात आन् गळ्यापासून तळापर्यंत सारी बटणं गच्च आवळून उभी ऱ्हात्यात, पोतं शिवल्यासारखी. सरू स्टेजवर चढायची, हळद-कुंकू लावायच्या निमतानं, आन् त्याचं खालचं बटण काढून यायची. पोरगं बावचळायचं. खाली बायका इचारायच्या, "ही कोण गं?" आन् दुसऱ्या सांगायच्या, "मास्तरची बाई."

मास्तरची बाई. दुकानात कामाला असती म्हणून तसं म्हणायचे, मला कळतंय. पण मी तिथंच पंगतीत बसलेला. खंडूची बायकू असं एका तोंडातून निघालं न्हाई.

आन् मग मंगलचं लगीन ठरलं, आन् सरूनं हट्ट धरला की बापाला कोट पाहिजे. म्या म्हणलं, धोतर-फेटा बास हाय. ती म्हणली, "जलमभर लोकाच्या नवऱ्यांचे काज केले." मग गेलो माप द्यायला.

तुझ्या दुकानात मला बाजारातल्या बकऱ्यासारखं उभं केलंत. तू टेप लावायचास आन् ती बाजूनं बोलायची. "मास्तर, डावा खांदा उतरता हाय त्यांचा. कोकरू त्याच खांद्यावर टाकत्यात." तू बघितलंस आन् म्हणलास, "बरोबर बोल्या सरूबाई, आधा इंच." माझ्या खांद्याची गोष्ट, आन् मला कुणी इचारत न्हाई. दोघांनी मिळून तो खांदा कापडात सरळ केलात. मी तोंड भिंतीकडं करून उभा होतो.

कोट काळा झाला, झ्याक झाला. तीन बटणं. काज तिनं हातानं केलते. तुझ्याकडं मशीन आली होती तवा, पण ती म्हणली, ह्या कोटाला मशीन न्हाई. कापड कापायचं, मेण लावलेला रेशमी दोरा घ्यायचा, आन् कापल्या कडेला एकाला एक लागून गाठी मारत जायचं. एक गाठ ढिली पडली तर सारा काज उसवतो. मी बघत बसलो होतो. सुई बोटात गेली तिच्या. तिनं बोट तोंडात घातलं आन् पुढं सुरू केलं. तो खालचाच काज होता, म्या डोळ्यानं बघितलंय.

लग्नात मी तिन्ही बटणं लावून उभा राहिलो. फोटोवाला म्हणला, हसा. तेवढ्यात तू गर्दीतून आलास. साऱ्या पाव्हण्यांदेखत वाकलास आन् तुझ्या हातानं माझं खालचं बटण काढलंस. हळूच म्हणलास, "आज तरी, बे."

म्या परत लावलं.

तू माझ्याकडं बघितलंस, मी तुझ्याकडं. सरूनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती. फोटोत बी तशीच आलीय, पदरामागं हसणारी. आन् मला आजपर्यंत कळलं न्हाई, मास्तर, ती कुणाच्या बाजूनं हसली. तुझ्या का माझ्या.

दुसऱ्या दिवशी तिला इचारलं. ती भांडी घासत होती. मान वर केली न्हाई. म्हणली, "काज म्या केलाय. तुमी लावा न्हाईतर सोडा." म्या म्हणलं, "मी लावणार. तू बोट टोचून घेतलेला काज मी रिकामा ठिवू व्हय?" ती राख घेऊन तोच तांब्या घासत राहिली, लई येळ.

हे तुला कधी सांगितलं न्हाई. तुला वाटायचं, खंड्याला अक्कल न्हाई, म्हणून सारी लावतो. वाटू दे.

सरू गेली त्याच्यानंतरचं तुला ठावंच हाय. कळप म्या आधीच इकला होता, गुडघे गेले होते. बाजाराच्या दिवशी तोच कोट घालून मी तुझ्या दुकानासमोरच्या बाकड्यावर येऊन बसायला लागलो. तू इचारलं न्हाईस, कावून आलास. तयार कपडे आले तसं तुझं गिऱ्हाईकबी आटलं होतं. कोटाला कुणी येत न्हाई, पँटीची उंची कमी करायला येत्यात. चहा मागवायचास. आन् चहा निम्मा झाला की एक गोष्ट सांगायचास तिची. एकच.

"सरूबाई पालीला लई भ्यायच्या."

"मला म्हाईत हाय."

मला म्हाईत नव्हतं. पालात पाल कुठली आली? उघड्या रानात ती सापाला भ्याली न्हाई.

पुढच्या बाजारी दुसरी. "आभाळ आलं की काम ठेवून पायरीवर जायच्या. तिकडं बघायच्या, गेवराईच्या अंगाला. म्हणायच्या, भिजत असतील."

"मला म्हाईत हाय," म्या म्हणलं.

"मेंढरं," तू म्हणलास. "मेंढरं भिजत असतील म्हणायच्या. तू नै."

असा होतास तू. दिल्यासारखं करायचं आन् चिमटा काढायचा. कधी सांगायचास, एका गिऱ्हाईकानं काज वाकडा म्हणलं तर तिनं कात्री आपटून त्याला मोजपट्टी दिली. कधी सांगायचास, चहातला आल्याचा तुकडा ती चघळत बसायची. मी दर खेपेला म्हणायचो, म्हाईत हाय. एकदा तू वैतागलास. "सब मालूम है तेरे कू, तो बैठा काय कू है बे?"

मी काय सांगणार? जी घरात माझ्यासंगं राहिली त्या बाईचं मला एवढंच ठावं हाय, की ती भाकरी पातळ करायची आन् तिची पाठ दुखायची. बाकीची सारी तुझ्याकडं होती. ती गेली तरी तुझ्याकडं होती. आन् तू मला ती चिमूट-चिमूट द्यायचास, चिक्कू माणसा. मी घरी जाऊन ती एक गोष्ट पुढच्या बाजारापर्यंत पुरवायचो. तुझ्या तोंडून आलेली, म्हणून कडू लागायची. तरी खायचो.

इचारणार होतो एकदा तुला. सरळ. बाबा, त्या दिवशी ती कुणाच्या बाजूनं हसली? दर बाजारी मनाशी ठरवून यायचो. चहा सरला की उठायचो. तू मागून ओरडायचास, "उठला तो बटन लगा." मी तिन्ही लावायचो, तुला दिसतील अशी, आन् जायचो.

मागच्या बाजारी आलो तर दुकान बंद. तुझा सलीम पायरीवर बसलेला. म्हणला, "चाचा, अब्बा सकाळी गेले." म्या म्हणलं, "कुठं?"

कोट घालूनच आलो मातीला. तुमच्या लोकांनी वाट करून दिली. तुला बघितलं मास्तर. पांढरं कापड, त्याला ना शिवण, ना काज, ना बटण. साऱ्या तालुक्याला अदब शिकवणारा माणूस, आन् सुईचा एक टाका न घेता चाललास. माझं रडू तिथं फुटलं, आन् मला त्याचाबी राग आला, कारण सरूच्या येळेला चारचौघांत फुटलं नव्हतं. मूठभर माती टाकली. सलीमनं माझ्या कोटाकडं बघितलं, खालच्या बटणाकडं. बापासारखा हात पुढं केला न्हाई त्यानं. शाना हाय.

आता जे सांगतो ते तुझ्या बायकूचं हाय.

काल मी तुझ्या घरी गेलतो. खैरूनभाभी इद्दतीत बसल्यात, नवरा गेल्यावर काही महिने परक्या गड्यापुढं यायचं नसतंय, म्हणून दाराला पडदा होता. मी ओट्यावर, त्या आत. सलीम चहा ठिवून गेला. म्या म्हणलं, "येतो भाभी." तर पडद्याआडून आवाज आला. "खंडूभाई, बैठो. तुम तो उनके पास बैठते थे ना. वो क्या क्या बोलते थे?"

मला समजलं न्हाई. म्या म्हणलं, "कुणाबद्दल?"

"कुछ भी. घर में तो आते, खाते, सो जाते. बोलना सब दुकान में खतम करके आते थे."  मग म्हणल्या, "तुम्हारी सरूबाई ने सब सुन लिया. मेरे वास्ते क्या बचा?"

मास्तर, मी ओट्यावर बसल्या जागी गार पडलो. एवढी वरसं मला वाटत होतं, ह्या गावात जळणारा मी एकटाच. आन् पडद्यामागं ही बाई माझ्याइतकीच जळत बसली होती, माझ्या बायकूवर. आमी दोघं एका बाकड्यावर बसायला पाहिजे होतं.

काहीतरी द्यावं म्हणून म्या डोकं खाजवलं. म्या म्हणलं, "भाभी, तो तुमचा डबा उघडला की आधी भाजीचा एक घास घ्यायचा. मीठ जास्ती असलं की म्हणायचा, आज बेगम गुस्से में है. मग त्या दिवशी लवकर दुकान मिटायचा, घरी जाताना केळी घेऊन."

पडदा जरा हलला. मला वाटलं, रडत असतील.

मग म्हणल्या, "गलत. मैं खुश रहती तब नमक जादा पड़ता था."

जलमभर चुकीचं वळखलंस तिला. आन् केळी खाल्ली ती बाई, काही न बोलता. मी हसलो. आतूनबी हसल्यासारखं झालं. उठलो तवा त्या म्हणल्या, "बाजार के दिन आओगे?"

येईन. दर बाजारी एक देईन तिला. माझ्याकडं पुरवठा बक्कळ हाय. तुझी बडबड दोन साल ऐकलीय म्या. तू टाचण्या तोंडात धरून शिव्या कसा द्यायचास ते देईन. इस्तरी करताना पुटपुटायचास ते देईन. सारं एकदम देणार न्हाई. दिलं तर ती पुढच्या बाजारी कशाला बोलवील? तू चिक्कू नव्हतास, मास्तर. हे मला काल ओट्यावर कळलं. मला परत यायला काहीतरी पाहिजे होतं, तेवढं तू शिल्लक ठिवत होतास.

पण एक मी तिला देणार न्हाई. तुझ्या शेवटच्या बाजारातलं. तुझ्या सुईत दोरा जाईना. तू सुई उजेडाकडं धरलीस, डोळे बारीक केलेस, मग काही न बोलता सुई-दोरा माझ्या हातात दिलास. म्या एका दमात ओवला. तू म्हणलास, "सरूबाई म्हणायच्या, ह्यांची नजर अशी, की डोंगरावरनं आपलं कोकरू वळखत्यात. मी म्हणायचो, जाने दो सरूबाई, सारे मेंढके तसंच सांगत्यात. तर माझ्यावर रुसायच्या. दिवसभर बोलायच्या न्हाईत."

त्या खेपेला माझ्या तोंडून "म्हाईत हाय" निघालं न्हाई.

हे माझं हाय. पडद्याआडून भाभी इचारतील, "और क्या बोले?" मी म्हणेन, "आज एवढंच." त्यांना कळंल म्या काहीतरी दाबून ठिवलंय. जळतील. जळू दे, एवढे दिवस मी जळलो.

आन् तूबी सरूचं एखादं ठिवलंच असशील, मला न दिलेलं. शिंप्याच्या खिशात कपडा उरतोच. आधी वाटायचं, तुला हलवून काढून घ्यावं. आता म्हणतो, ठिव, मास्तर.

पण एकच.